पट्टा एकाच दंडाला लागतो

आमच्या तांड्यातली बाई दिसायच्या आधी ऐकू यायची. पायातल्या वाळ्यांचा एक आवाज, फेटियाच्या घेराला शिवलेल्या कवड्यांचा दुसरा, कानाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगरीचा तिसरा, आणि या सगळ्यांखाली, हात हलला की एकमेकींवर आपटणाऱ्या बलियांची कोरडी खटखट. सासू विहिरीवरून निघाली की मी चुलीपुढे बसून सांगू शकायचे: आता ती बाभळीपाशी आली, आता नाईकाच्या दारात थांबली, आता कुणीतरी तिला काहीतरी बोललं आणि ती तरातरा निघाली. फेटिया म्हणजे आमचा घेरदार घागरा, हे तुम्हाला ठाऊक असेल. बलिया कदाचित ठाऊक नसतील. कोपरापासून खांद्यापर्यंत दंडभर चढवलेली हाडाची पांढरी कडी असतात ती. नवरा जिवंत असलेल्या बाईच्याच दंडावर असतात. नवरा गेला की त्याच दिवशी उतरवतात.

हे सगळं मला मराठीत समजावून सांगावं लागतं, याचाही मला राग आहे. तांड्यातलं बोलणं गोरबोलीत व्हायचं. पण ती कागदावर कशी उतरवायची हे मला कुणी शिकवलं नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ती मराठी, आणि तीही छडीखाली, कारण वर्गात गोरबोलीतला एक शब्द तोंडातून गेला तरी हात पुढे करावा लागायचा. तेव्हा या प्रकरणातली माझी माणसं आमच्या भागातली मराठी बोलतील. ती तशी बोलत नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

तांडा जांब समर्थपासून दीड-दोन कोसांवर, माळावर होता. जांबला येणारे यात्रेकरू आम्हाला रस्त्यात पाहून थांबायचे. बायका आमच्या कांचळीवरचे, म्हणजे चोळीवरचे, आरसे हात लावून बघायच्या, छान आहे म्हणायच्या, आणि चार पावलं पुढे गेल्यावर आपल्या पोरांना जवळ ओढायच्या. लमाण पोरं उचलून नेतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं. सासरा म्हणायचा, आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून अर्धा मुलूख फिरायचे. इंग्रजांची आगगाडी आली आणि बैल रिकामे झाले, मग रिकाम्या माणसाला चोर म्हणायला वेळ लागत नाही. त्याच्या बापाला रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची. सासऱ्याने हे इतक्या वेळा सांगितलं होतं की सासू मध्येच त्याच्यापुढे ताट आदळायची आणि म्हणायची, हजेरी संपली, जेव आता.

सासूचं नाव सोमली. मी तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. तिची जीभ कात्रीची आणि हात लोण्याचा. लग्नात माझ्या दंडात बलिया चढवल्या तेव्हा मी पंधरा-सोळाची होते. जालन्याहून, मस्तगडातला एक म्हातारा मण्यार आला होता. त्याने रिठ्याचं पाणी आणि तेल लावून एकेक कडं माझ्या मुठीतून दाबत वर नेलं आणि प्रत्येक कड्याला "बस, बेटी, हो गया" म्हणाला. झालेलं नसायचं. दोन्ही हात सुजले, कोपर वाकेना, तीन दिवस मला घास तोंडाशी नेता आला नाही. ते तीन दिवस सासूने मला भरवलं. ज्वारीची बाटी, म्हणजे आमची भाकरी, दुधात कुस्करून, वर गूळ घालून. भरवताना शिव्या चालूच: कुणी आणली ही नाजूक पोरगी, चार कडी चढली तर अशी रडती, लेकरू झाल्यावर काय करशील. मी रडत रडत खायचे. तेवढं गोड पुन्हा काही खाल्लेलं आठवत नाही.

लेकरू झाल्यावर काय करशील, हे पुढच्या वर्षीच कळलं.

नवरा, थावरू, दिवस भरायच्या आधीच ऊसतोडीला गेला होता, बाकी पुरुषांबरोबर, दूर नदीकाठच्या एका कारखान्यावर. घरात मी, सासू आणि सासरा. आठवा संपत आला आणि माझे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग एके दिवशी सकाळी चुलीपुढे बसले असताना मला दोन चुली दिसायला लागल्या. तांड्याची सुईण रुकली, जिने थावरूलाही काढला होता, ती आली, माझ्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला तो भरेचना. ती हात धुवायला उठली आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाई. जल्दी दवाखान्यात न्या." लोक म्हणतात तांड्याच्या अडाणी सुइणी बायका मारतात. रुकलीने अर्ध्या मिनिटात जे ओळखलं ते मला पुढे पुस्तकातून शिकायला दोन वर्षं लागली.

बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणि फाट्यावरून एसटीने आम्ही दोघी शहरात पोचलो. सासऱ्याने गुरं टाकून यायचं नाही असं सासूनेच ठरवलं. त्या सरकारी दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं एकट्याचं नाव लिहिलं तर बाकीचे सुटतील. दुपार होती, पंखा डोक्यावर गरगरत होता, मला तो दोन दिसत होता. एका कागदावर माझं नाव लिहून घेतलं. मी लाली सांगितलं, सिस्टरने ललिता लिहिलं. मग माझा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. मला सही येत होती. चौथीपर्यंत हातावर वळ घेऊन मी ती सही शिकले होते. पण विचारायला कुणी तोंड उघडलं नाही, आणि माझं तोंड तेव्हा कोरडं पडलं होतं.

मग बीपीचा पट्टा आला. हल्ली सगळ्यांनाच तो ओळखीचा आहे, औषधाच्या दुकानातसुद्धा लावतात. पट्टा दंडाला लागतो, आणि माझ्या दंडावर बोटभर जागा नव्हती. सिस्टरने एकदा उजवा हात बघितला, एकदा डावा, आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारून दाखवलं. दोघी हसल्या. बैलालासुद्धा इतकं अडकवत नाहीत, असं एक म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि मराठीत, सावकाश, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलली: हे कापावं लागेल, बीपी घेतल्याबिगर डॉक्टर हात लावणार नाहीत, लेकरू पोटात मरेल, तुझ्या म्हातारीला सांग.

सासूला मराठी बाजारापुरतीच यायची. तिने माझ्या कपाळावरचा हात न काढता विचारलं, "काय म्हणून राह्यली ती?"

तो क्षण मी इतक्या वेळा उलटून बघितलाय की आता तो झिजला असेल असं वाटतं, पण झिजत नाही. खरं सांगितलं असतं तर सोमलीने मला त्या खाटेवरून उठवलं असतं आणि उचलून फाट्यापर्यंत नेलं असतं. मुलगा परमुलखात कोयता चालवतोय आणि इथे त्याच्या बायकोचे दंड उघडे करायचे, हे तिने जिवंतपणी होऊ दिलं नसतं. आणि पोटातलं लेकरू सकाळपासून हललं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला मला दिलेला वेळ किती, तर सिस्टर पट्ट्याची घडी घालेपर्यंतचा.

मी म्हणाले, "तेल लावून वर सरकवणार म्हणती, याडी. तू हात धर."

आणि तिने धरला. माझं मनगट तिने स्वतःच्या दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मी हलू नये म्हणून.

वॉर्डबॉय लोखंड कापायचं पातं घेऊन आला. सोमलीला कळायच्या आत त्याने कड्याखाली चमच्याची दांडी सरकवली आणि कापायला लागला. हाड कापल्याचा वास येतो, जळक्या केसांसारखा. पहिलं कडं तुटून खाली पडलं तेव्हा सासूने जो आवाज काढला तो मी फक्त मयतावर ऐकला होता. तिला खांद्याला धरून बाहेर काढलं. पातं दोनदा निसटलं, माझ्या उजव्या दंडावर अजून त्याच्या खुणा आहेत. उजवा दंड मोकळा झाला. पट्टा लागला. बीपी किती ते सिस्टर मोठ्यानं बोलली आणि मग सगळे पळायला लागले. पण त्या पळापळीतही ती वॉर्डबॉयला म्हणाली, "एक हात ठेवून काय करती? दोन्ही काढ, बराबर दिसंल."

पट्टा एकाच दंडाला लागतो. हे वाक्य मी माझ्या आयुष्यात मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही.

कमरेत सुया दिल्या, सलाईन लावलं, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. लहानशी, पण रडणारी. त्या सुयांनी माझा आणि तिचा जीव वाचवला, हे मी कधीच नाकारलं नाही. पुढे तीच सुई मी स्वतः कितीतरी बायकांना दिली आहे. माझा राग सुईवर नाही. माणसाचा जीव वाचवला की त्याचं बाकी सगळं आपल्या मालकीचं झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर आहे. केसातली घुगरी उवा होतील म्हणून काढली. कांचळीला पाठ नसते म्हणून ती काढून एक पांढरं पातळ दिलं. मुलीच्या कागदावर नावाच्या जागी 'बेबी' लिहिलं. आणि बलियांचे तुकडे रक्ताच्या कापसाबरोबर बादलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमली त्या बादलीशी बसली आणि तिने एकेक तुकडा वेचला. कुणीतरी ओरडलं तिच्यावर, घाण आहे ती म्हणून. तिने वर बघितलंसुद्धा नाही. तुकडे नळाखाली धुतले, ओढणीच्या पदराला गाठ मारून बांधले आणि खाटेपाशी आली. मला वाटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "तू मला खोटं सांगितलंस. अन् हात मी धरल्ता." त्यानंतर ती माझ्याशी तीन महिने बोलली नाही.

चार दिवसांनी आम्ही परतलो. फाट्यावरून तांड्यापर्यंत पायवाट. सोमलीने न बोलता तिची जुनी ओढणी माझ्या खांद्यांवरून दोन्ही दंड झाकतील अशी घट्ट गुंडाळली, आणि मी लेकीला छातीशी धरून तिच्या मागे चालायला लागले. मी चालत होते आणि माझा आवाज येत नव्हता. वाळे सुजलेल्या पायांतून काढले होते, फेटिया गाठोड्यात होता, बलिया सासूच्या पदरात. तांड्याच्या अलीकडे ओढा लागतो, तिथे पाय घसरला. लेकीला सावरायला मी दोन्ही हात वर उचलले आणि ओढणी पाण्यात पडली.

पलीकडे गोवऱ्या थापत बसलेल्या दोन बायकांनी माझे दंड बघितले.

बाहेरच्या माणसाला इथे नेमकं काय झालं ते कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे उघड्या दंडाची तरणी बाई दिसली की त्याचा एकच अर्थ असतो. विचारायची पद्धत नाही. विचारणं म्हणजे तिच्या तोंडून ते वदवणं, आणि तो क्रूरपणा मानतात. म्हणून त्या दोघींनी काही विचारलं नाही. शेणाच्या हातांनी त्या उठल्या आणि त्यांनी गळा काढला. आमच्या बायका नुसत्या रडत नाहीत, एकमेकींच्या गळ्यात पडून शब्दांत रडतात, गेलेल्याचा एकेक गुण सांगत. तो आवाज ओढ्यावरून वर चढला, पहिल्या घरात शिरला, तिथून दुसऱ्या. आम्ही तांड्यात पोचेपर्यंत प्रत्येक दारात बाई रडत होती. सोमली ओरडून सांगत होती, जिता आहे, थावरू जिता आहे, पण मुलगा गेलेल्या आईचं कोण ऐकतं, ती तर असंच म्हणणार. मला चौघींनी गळ्याशी धरलं. थावरू किती मायाळू होता, किती कमी बोलायचा, घास वाटून खायचा, असं मला सांगू लागल्या. त्याच्यात नसलेले गुणसुद्धा त्या दिवशी मला कळले. सासरा शेतातून धावत आला आणि दारातच पालथा पडला. त्याच्या कपाळाला खोक पडली.

खरं काय ते उमगायला बराच वेळ गेला. आणि उमगल्यावर कुणाला आनंद व्हावा की नाही? मेला म्हणून रडलो तो जिवंत आहे, लेकरू सुखरूप आहे, बाळंतीण पायांवर उभी आहे. पण उलटंच झालं. ज्या बायकांनी मला मिठी मारली होती त्या मागे सरकल्या. जित्या माणसाचं रडं झालं होतं. याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही, आणि तो माझ्या दंडांनी आणला होता.

संध्याकाळच्या आत तांड्याच्या प्रमुखाने, हरजी नाईकाने, लिंबाखाली बैठक बोलावली. पुरुष सगळे ऊसतोडीला, म्हणजे बसायला म्हातारेच. थावरू परत येऊन स्वतःच्या हातांनी बलिया चढवीपर्यंत मी तांड्याबाहेर राहायचं, शेताच्या कडेच्या खोपीत. तोवर विहिरीची पूजा नाही. बाळंतीण बायकांबरोबर गाणी म्हणत विहिरीवर जाते, पाण्याला कुंकू लावते, पहिली घागर आणते. ते झाल्याशिवाय लेकरू तांड्याचं होत नाही आणि त्याला नाव मिळत नाही. म्हणजे माझी मुलगी बेबीच राहणार. आणि थावरूला तिकडे काही झालं, तर मी आणि बेबी कुणाच्याच नाही. मुलगा असता तर एवढं ताणलं असतं का, असं मी रुकलीला पुढे विचारलं होतं. ती म्हणाली, मला कशाला विचारती, तुला ठाऊक हाय.

या बैठकीत सोमलीने सांगायला हवं होतं. दवाखान्यात काय झालं, कुणी कापलं, कशासाठी कापलं, हे बघणारी ती एकटी होती. ती पदराची गाठ मुठीत धरून बसली आणि गप्प राहिली. तिच्या त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. थावरूच्या मुकादमाला पत्र धाडायचं ठरलं, आणि सगळ्या तांड्यात लिहिता येणारी एकटी मीच. तेव्हा मला खोपीतून बोलावलं, दहा पावलं लांब बसवलं, आणि माझ्याच गुन्ह्याचं पत्र नाईकाने मला सांगितलं. तुझ्या बायकोने दवाखान्यात बलिया काढून घेतल्या, तुझ्या जिवाला धोका आहे, कोयता जपून चालव, होळीला ये. मी शब्दाला शब्द लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून कागदाखाली पाटी घेतली. खाली लाली अशी सहीसुद्धा केली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. सरकारने माझा अंगठा घेतला आणि तांड्याने माझी अक्षरं.

खोपीतले ते महिने मी, ओली बाळंतीण, कशी राहिले ते मी फार सांगणार नाही. रोज उन्हं डोक्यावर आली की सोमली यायची. खोपीसमोर एक चपटा दगड होता, त्यावर फडक्यात बांधलेली बाटी, गुळाचं गरम पाणी, कधी मेथी परतून, ठेवायची आणि वळायची. एक दिवसही चुकवला नाही. एक दिवसही बोलली नाही. तिच्या बलियांची खटखट लांबून ऐकू आली की माझ्या छातीत दूध उतरायचं आणि डोक्यात संताप. दोन्ही एकदम. मी बेबीला मांडीवर घेऊन मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं, बोलायचे: बघ, तुझी आजी आली, आपल्याला कुत्र्यासारखं घालून चालली. एकदा ती थांबली. पाठमोरी थोडी उभी राहिली आणि मग गेली. दुसऱ्या दिवशी बाटीबरोबर तूप होतं.

होळीला थावरू आला. धडधाकट, काळा पडलेला, हातावर उसाच्या पात्यांचे चरे. तांड्याने आनंद केला. हलगी वाजली. लिंबाखाली सगळे जमले, मला बोलावलं, बेबीला कडेवर घेऊन मी गेले. थावरूने बाजारातून बलिया आणल्या होत्या. हाडाच्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या, पांढऱ्याशुभ्र. बायका गाणं म्हणायला ओळीत उभ्या होत्या, त्याच बायका, ज्यांनी त्याचं रडं घातलं होतं. हे झालं की सगळं पुसलं जाणार होतं. मी आत येणार, बेबीला नाव मिळणार. थावरू माझ्याकडे बघून हसला, आणि मला तो आवडत होता, हेही सांगते. त्याने माझा हात धरला.

धरला, आणि मला सोमलीचे दोन हात आठवले, मनगटावर. सिस्टरचे हात आठवले, अंगठ्यावर. मण्याराचे आठवले. माझ्या त्या दंडांना मी सोडून सगळ्यांनी हात लावला होता.

मी हात काढून घेतला. म्हणाले, "काढल्या तवा कुणी इचारलं न्हाई. आता घालताना तरी इचारा."

नाईकाला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. थावरू हळूच म्हणाला, लोक बघून राह्यले. मी म्हणाले, बघू दे, तू विचार. एवढंच होतं. लाली, घालू का, एवढे तीन शब्द. त्याने विचारले असते तर मी कदाचित हो म्हणाले असते. खरं सांगायचं तर नक्कीच म्हणाले असते. पण तो बापाकडे बघत राहिला, बाप नाईकाकडे, नाईक जमिनीकडे. बाईला विचारायचं असतं हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यातच येईना. हलगीवाला थांबला. मी नाईकाच्या दारातली रिकामी घागर उचलली, बेबी कडेवर, आणि भर उन्हात विहिरीकडे चालू लागले.

माझ्यामागे कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. बाभळीपाशी आले तेव्हा मागून खटखट ऐकू आली, तरातरा. ती मला मारायला येते आहे असंच वाटलं. सोमलीने माझ्या हातातून घागर हिसकली, विहिरीच्या कठड्याला कुंकू फासलं आणि विहिरीचं गाणं म्हणायला लागली. एकटी. ते गाणं गोड चालीचं आहे, सासूने ते शिव्या दिल्यासारखं म्हटलं, तांड्याकडे तोंड करून, शेवटपर्यंत. मग पदराची गाठ सोडली, बलियांचे तुकडे विहिरीत टाकले आणि लेकीला माझ्याकडून घेतलं. "हिचं नाव गंगा," ती म्हणाली. "बेबी न्हाई बिलकुल."

त्या दिवशी मी घरात आले ती उघड्या दंडांनी, आणि तशीच राहिले. तांड्याने वर्ष-दोन वर्षं पाणी वेगळं ठेवलं, मग कंटाळला. आज हे लिहिताना थावरू समोर बसून शेंगा सोलतो आहे, मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत. उघड्या दंडाच्या बायकोबरोबर इतकी वर्षं जगून त्याला साधी सर्दी होत नाही. गंगा केदारखेड्याच्या शाळेत बाई आहे. तिच्या वर्गात गोरबोली बोललेली चालते, हे मी तपासून आले आहे.

चौथीच्या पुढच्या परीक्षा मी बाहेरून दिल्या आणि गंगा पाच वर्षांची असताना नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले. कशी गेले, कोण काय बोललं, तो वेगळा तमाशा. तिथे एके दिवशी बीपी घ्यायला शिकवताना बाई जाता जाता म्हणाल्या, दंडाला जखम असेल, भाजलं असेल, प्लॅस्टर असेल, तर पट्टा पायाला बांधावा, पोटरीवर, आणि पुढच्या पानावर गेल्या. मी उभी राहिले. विचारलं, "अन् दंडात बलिया असल्या तर?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, तेच की, पायाला बांधायचा. त्यात विचारण्यासारखं काय आहे. मी खाली बसले. त्या दिवशी जेवले नाही. माझे पाय त्या खाटेवर दोन्ही उघडे होते. सुजलेले होते, पण होते.

हे मी सोमलीला सांगितलं नाही. वर्षानुवर्षं नाही. आमच्या दोघींमध्ये त्यानंतर पुष्कळ बोलणं झालं, भांडणं झाली, गंगाच्या लग्नात आम्ही एकाच ताटात जेवलो, पण हे मी गिळून ठेवलं. तिने माझं मनगट धरलं होतं ना. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून धरलं होतं. त्याची गरजच नव्हती, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग ती म्हातारी झाली. सासरा अजून होता, बाजेवर पडून हजेरीची गोष्ट सांगणारा. तिला चक्कर यायला लागली म्हणून मी तिला, मी नोकरी करत होते तिथल्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टर नवा मुलगा होता, चांगला होता, तिला आजी म्हणाला. पट्टा हातात घेऊन त्याने तिचे दंड बघितले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, सिस्टर, हे काढावं लागेल. सोमलीला आता मराठी पुरेशी कळत होती. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळले आणि भिंतीकडे सरकली.

मी त्याच्या हातातून पट्टा घेतला. तिला टेबलावर आडवं केलं, फेटिया गुडघ्यापर्यंत वर केला, पोटरीला पट्टा गुंडाळला, घोट्यापाशी नळी ठेवली. हवा भरली, सोडली. पारा खाली आला. चहा कपात ओतायला लागतो तेवढा वेळ. तिचे दंड छातीवर तसेच होते, बलियांसकट.

तिने मान उचलून पायाकडे बघितलं. पट्ट्याकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्या दंडांकडे बघत राहिली.

"लाली," ती म्हणाली, "एवढंच होतं का?"

मी पट्ट्याची घडी घातली आणि म्हणाले, एवढंच होतं, याडी.